ओढ्याची तब्येत दगडाखाली कळते

नितळ दिसतं ते पाणी स्वच्छ, हा आपला पक्का समज. पण कीटकनाशक मिसळलेलं पाणीही नितळच असतं. सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याची खरी हालहवाल हवी असेल, तर उथळ, खळाळत्या पाण्यातला मूठभर आकाराचा दगड उचलून त्याची खालची बाजू पाहावी.

ओढा निरोगी असेल तर तिथे मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची पाण्यात वाढणारी चपटी पिल्लं दगडाला घट्ट धरून बसलेली दिसतात. मागे दोन-तीन बारीक शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे कल्ले. शेजारीच वाळूच्या कणांची छोटीशी नळी चिकटलेली असते. हे कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या अळीचं घर. अळी तोंडातून रेशीम काढते आणि त्यानेच कण न् कण जोडते. काही जाती त्या रेशमाचं जाळं विणून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून खातात. नखाएवढ्या जागेतलं हे बांधकाम भिंगाखाली पाहावं, थक्क व्हायला होतं.

या जिवांना भरपूर ऑक्सिजन लागतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून काठची झाडं तुटली, सावली गेली, की पाणी तापतं आणि ओढ्यात घाण न पडताही त्याचा श्वास कोंडतो. शिवाय जेवण तुटतं ते वेगळंच. नदी-ओढ्यांचे अमेरिकी अभ्यासक रॉबिन व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलं, की सावलीतल्या लहान ओढ्यांचं बरंचसं अन्न काठावरून गळणाऱ्या पानांतून येतं. बुरशी ती पानं मऊ करते, मग किडे ती कुरतडतात.

सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन फस्त करतात. मेफ्लाय नाहीशा होतात, उरतात काइरोनोमिड या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लालबुंद अळ्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या कमी ऑक्सिजनवरही तगतात. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतात, त्या याच. बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना त्या क्षणापुरतं सांगतो. रात्री सोडलेलं दूषित पाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. किडे मात्र महिनोन् महिने तिथेच राहतात, त्यामुळे मधल्या काळात काय घडलं ते त्यांच्या असण्या-नसण्यातून कळतं.

पुण्याची रामनदी भुकूमकडून येते, बावधन-पाषाण ओलांडून औंधजवळ मुळेला मिळते. वाटेत सांडपाणी मिसळत जातं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पाषाण तलावात जलपर्णी फोफावते आणि तिच्या गालिच्याखाली ऑक्सिजन आणखी घटतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पोकलेनची. खोलीकरणात, सुशोभीकरणात दगडगोटे उपसले जातात, काठ काँक्रीटने बांधले जातात. पाणी तेच राहतं, पण दगडांमधल्या फटी जातात; वरून सुटी झालेली माती उरल्यासुरल्या फटीही बुजवते. किड्यांना धरायला जागाच उरत नाही आणि त्यांच्यावर जगणारे मासे, बेडूकही घटतात. खोलीकरणाआधी निदान पावसाळ्यानंतर एकदा ओढ्यातले किडे मोजायला हवेत. त्यासाठी साधी जाळी, पांढरी थाळी आणि भिंग पुरतं. पाहून झालं की दगड मात्र त्याच जागी, तसाच ठेवावा.