अभियंत्याचे तोंडी सादरीकरण (मराठवाडा)

अभियंत्याने आपले काम, त्यातून निघालेला निष्कर्ष आणि त्यावर घ्यायचा निर्णय ठरलेल्या वेळेत श्रोत्यांसमोर बोलून मांडणे म्हणजे तोंडी सादरीकरण. मराठवाड्यात त्याचे तीन मुख्य प्रसंग आढळतात. पहिला अभियांत्रिकी महाविद्यालयातील सेमिनार व प्रकल्प परीक्षा, दुसरा वाळूज, शेंद्रा, जालना येथील कारखान्यांतील ग्राहक-बैठका, आणि तिसरा पाटबंधारे, पाणीपुरवठा व बांधकाम या खात्यांच्या बैठका व ग्रामसभा. तिन्हीकडे श्रोता वेगळा असतो, पण कसोटी एकच असते: ऐकून उठताना त्याला काय ठरवायचे ते कळले का. त्यासाठी अभियंत्याने आपला आकडा श्रोता रोज ज्या मापात विचार करतो त्या मापात आणून ठेवावा लागतो. सादरीकरणातले सर्वांत कष्टाचे काम हेच, आणि नेमके तेच आदल्या रात्री घाईघाईत उरकले जाते.

आकडा आणि माप

पाण्याचे उदाहरण या भागात सर्वांत जवळचे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा २,१७१ आणि उरलेला ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारे तळाचे पाणी. ‘धरण ४० टक्के भरले’ असे अधिकारी सांगतात तेव्हा ते उपयुक्त साठ्याबद्दल बोलत असतात. म्हणजे ८६८ दशलक्ष घनमीटर. मृतसाठा धरून तेच पाणी एकूण क्षमतेच्या सुमारे ५५ टक्के भरते. आकडे दोन्ही खरे, पण कोणता कशाचा हे न सांगता एका बैठकीत दोन्ही आले की सभागृहात संशय शिरतो. साठा शून्य टक्क्यांवर आला तरी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी डोळ्यांना दिसत असते. ‘साहेब, पाणी तर दिसतंय, मग शून्य कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पहिल्याच स्लाइडवर धरणाच्या उभ्या छेदाचे साधे चित्र काढून द्यावे. मृतसाठ्याची रेषा आणि कालव्याच्या विमोचकाची (पाणी सोडण्याच्या दाराची) पातळी एवढेच त्या चित्रात पुरे. गोदावरी खोऱ्यातील पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या अहवालातील वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे सूत्रही उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांभोवती फिरते, त्यामुळे हा टक्का कशाचा हे स्पष्ट असणे मराठवाड्यात जिव्हाळ्याचा विषय आहे.

आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला ठरावीक मुदतीने सोडायच्या पाण्याच्या, बैठकीत तर माप अजून खाली आणावे लागते. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. त्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यापुढे ‘इतके क्युसेक सोडणार’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. चोवीस तास चालले तर सुमारे २४.५ लाख लिटर पाणी होते. आठ सेंटिमीटरची एक पाळी धरली आणि वाटेतली गळती बाजूला ठेवली, तर एवढ्या पाण्यात साधारण साडेसात एकर भिजते. हा हिशेब फळ्यावर खडूने करून दाखवला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ‘मग आमच्या चारीला किती दिवस?’ असा प्रश्न आला म्हणजे सादरीकरण लागू पडले. गळती मात्र त्याच दमात सांगून टाकावी. ती झाकून सांगितलेला एकराचा आकडा पुढच्या आवर्तनात अंगाशी येतो.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पन्नास वॅगनच्या गाडीत सुमारे २५ लाख लिटर. ऐकताना आकडा प्रचंड वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३.८३ लाख होती. भागाकार केला की माणशी साडेसहा लिटर निघतात. शहराच्या पाणीपुरवठ्याबद्दल बोलणाऱ्या अभियंत्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. पहिल्यातून गाडीमागची धडपड कळते, दुसऱ्यातून तिची मर्यादा.

किल्लारीनंतरचे बोलणे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. घातक ठरली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, ही रचना. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्यात ते फाकले आणि वरचा भार खाली आला. अभियंत्याच्या भाषेत याला वस्तुमान, जडत्वबल, पार्श्वभार असे शब्द आहेत. घरमालकासमोर ते सगळे एका हिशेबात येते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, वजन सुमारे साडेचार टन. झोपलेल्या माणसांवर भरलेली ट्रॉली टांगून ठेवल्यासारखे. एवढे सांगून लगेच उपाय सांगावा: माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसवणे, आणि लिंटेलच्या (दारे-खिडक्यांवरच्या तुळईच्या) पातळीवर सलग पट्टा देणे.

क्रमही महत्त्वाचा. माळवद उन्हाळ्यात गार राहते, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ते बांधले गेले. ते मान्य न करता ‘तुमचे घर चुकीचे’ असे सुरू केले की लोक कान बंद करतात. आधी माळवदाचा गुण, मग त्याचे वजन, मग उपाय, असा क्रम लावला तर ऐकणारा शेवटपर्यंत सोबत राहतो. हा गोडवा वरवरचा नाही. जुन्या रचनेमागचे कारण समजून न घेता दिलेला उपाय तांत्रिकदृष्ट्याही अपुरा असतो, कारण माती काढल्यावर उष्णतेचे काय करायचे हे त्याने सांगितलेलेच नसते.

स्लाइड

पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये बाजारात आले, आणि आज मराठवाड्यातल्या बहुतेक सादरीकरणांचा तोच साचा आहे: वर ‘प्रस्तावना’ किंवा ‘निष्कर्ष’ असा मोघम मथळा, खाली ठिपक्यांची ओळ. हा साचा किती महाग पडू शकतो याचे सर्वश्रुत उदाहरण नासाच्या कोलंबिया अंतराळयानाचे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणावेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी व्यवस्थापनापुढे केलेल्या मांडणीतील एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. आधी ज्या चाचण्या झाल्या त्या ३ घनइंचाच्या तुकड्यांवर होत्या आणि आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचाचा, म्हणजे ६४० पट मोठा, ही बाब त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्रपणे चिकित्सा केली. दुर्घटनेचे सगळे खापर एका स्लाइडवर फोडता येणार नाही, पण ६४० पट हा आकडा मथळ्यात असायला हवा होता, याबद्दल शंका नाही.

मायकेल ॲली या अमेरिकी अध्यापकांनी रूढ केलेली पद्धत यावर चांगला उतारा आहे. मथळ्याच्या जागी पूर्ण वाक्यातले विधान आणि खाली त्याचा पुरावा म्हणून एकच आकृती, छायाचित्र किंवा आलेख. ‘मातीचे परीक्षण’ असे न लिहिता ‘इथली काळी माती भिजल्यावर फुगते, म्हणून रस्त्याखाली मुरमाचा थर हवा’ असे लिहावे आणि खाली उन्हाळ्यात भेगाळलेल्या त्याच शिवाराचा फोटो टाकावा. असे वाक्य लिहायला बसले की आपल्याला खरोखर काही सांगायचे आहे का, हे पहिल्यांदा स्वतःलाच कळते. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकके हवीत. एक्सेलचा अख्खा तक्ता चिकटवणे टाळावे, लागलाच तर छापून हातात द्यावा.

महाविद्यालयात

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी संस्था १९८१ ची. या आणि भोवतालच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे रिव्ह्यू आणि १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या पेपर प्रेझेंटेशन स्पर्धा हीच मुलांची पहिली शाळा. चार जणांचा गट स्लाइड वाटून घेतो आणि अर्धा वेळ प्रस्तावना व लिटरेचर सर्व्हे खातात. बाहेरून आलेल्या परीक्षकाला ऐकायचे असते ते गटाने स्वतः काय केले, आणि तोवर घंटा वाजते. दहा मिनिटांत सात मिनिटे स्वतःच्या कामाला द्यावीत, इतका साधा नियमही पुरतो.

खरी अडचण इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलेली मुले परिच्छेद पाठ करतात, आणि सोबत्याने चुकून एक स्लाइड पुढे सरकवली की गाडी अडते. पाठांतराला पर्याय आहे: प्रत्येक स्लाइडसाठी स्वतःच्या इंग्रजीत दोन छोटी वाक्ये लिहायची आणि बाकीचे आकृतीकडे बोट दाखवून सांगायचे. जिथे परवानगी आहे तिथे संज्ञा इंग्रजीत व कारणमीमांसा मराठीत ठेवावी. ‘बेअरिंग गरम होतंय कारण तेल पोचत नाही’ हे वाक्य कुठल्याही परीक्षकाला कळते आणि बोलणाऱ्याला ते समजले आहे हेही कळते. मार्गदर्शकांनी व्याकरणावर अडवण्याआधी आशय तपासावा, असे या लेखकाचे ठाम मत आहे.

कारखान्यात

वाळूज-शेंद्र्याच्या वाहन सुटे भाग उद्योगात सादरीकरण बहुधा तक्रारीनंतर होते. ग्राहकाकडे सदोष माल पोचला की एट-डी अहवाल, म्हणजे दोष रोखण्यापासून कायमच्या उपायापर्यंतचा आठ टप्प्यांचा अहवाल, मांडायचा असतो. ग्राहकाचा पहिला प्रश्न कारणाचा नसतो. गोदामातला, वाटेतला आणि त्याच्या लाइनवरचा संशयित माल थांबवला का, हे त्याला आधी हवे असते. म्हणून रोखलेल्या नगांची संख्या पहिल्या मिनिटात सांगावी आणि व्हाय-व्हाय विश्लेषण (पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधणे) नंतर. ‘ऑपरेटरला समज दिली’ हा उपाय ऐकून समोरचे लोक पेन खाली ठेवतात. फिक्स्चरमध्ये (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यात) पिन बसवली, आता पार्ट उलटा बसतच नाही, असे फोटोसह दाखवले की चर्चा पुढे सरकते. टक्के आणि पीपीएम (दहा लाखांत किती नग) यांची गल्लत इथेही होते: ०.४ टक्के म्हणजे ४,००० पीपीएम, आणि रोज ५,००० नग काढणाऱ्या लाइनवर २० नग.

बोलणे, प्रश्न आणि व्यवस्था

एकनाथांच्या पैठणच्या मुलखातला श्रोता कीर्तन-भारुड ऐकत वाढलेला असतो. आधी विधान आणि मग दृष्टांत हा क्रम त्याच्या कानाला सवयीचा आहे, तो अभियंत्यालाही चालतो. सराव मनातल्या मनात करून भागत नाही. मोठ्याने, उभे राहून आणि घड्याळ लावून करावा. ग्रामसभेत सरपंचांना व ज्येष्ठांना आधी बोलू द्यावे. त्यांच्या बोलण्यातून पुढचे निम्मे प्रश्न कळतात. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगून तारीख द्यावी आणि ती पाळावी.

वीज जाणे आणि प्रोजेक्टर न जुळणे गृहीत धरावे. फाइलची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असावी, कारण दुसऱ्याच्या संगणकावर मराठी फाँट तुटतो आणि जोडाक्षरे चौकोन होऊन बसतात. मुख्य आकृती मोठ्या कागदावर छापलेली असली की मंदिराच्या ओट्यावरही बैठक होते.

सादरीकरणानंतर लेखी उरते ते बैठकीचे इतिवृत्त, आणि ते बहुधा तांत्रिक बाजू न जाणणारा लिपिक लिहितो. दशलक्ष घनमीटरचे घनमीटर होणे, उपयुक्त शब्द गळणे हे तिथेच घडते. अभियंत्याने त्याच दिवशी एका पानाचे टिपण द्यावे: निर्णय, तीन-चार आकडे एककांसह, जबाबदार अधिकारी आणि मुदत. इतिवृत्त मंजूर होण्याआधी ते स्वतः वाचून घेण्याचा आग्रह धरावा.