जिगला मासळीचा तुकडा लावणे

शिशाचे डोके ओतलेल्या गळाला, म्हणजे जिगला, मासळीचा कापलेला तुकडा टोचून गोड्या पाण्यातले मांसाहारी मासे पकडण्याची पद्धत. शिवडा, शिंगटा आणि काही वेळा मरळ यांना ती लागू पडते. रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळाच बरा. साध्या गळावरचे आमिष तळाशी पडून राहते. जिग उचलून सोडता येत असल्याने वासाला हालचालीची जोड मिळते. शिवडा-शिंगट्याच्या मिशांना चव कळते, त्यामुळे गढूळ पाण्यातही ते आमिष हुडकतात.

सगळी मेख तुकडा कापण्यात आहे. खवले काढावेत, कातडी मात्र ठेवावी. गळ धरून ठेवते ती कातडीच. बोटाएवढी लांब, अर्धा इंच रुंद, शेपटाकडे निमुळती पट्टी कापून जादा मांस तासून टाकावे. रुंद टोकाजवळ मांसाकडून गळ घालून कातडीतून बाहेर काढावा, तोही एकदाच. दोन-तीनदा ओवून गोळा केलेला तुकडा पाण्यात गरगरतो आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पिळून टाकतो. गळाचे टोक उघडे नसेल, तर मासा तुकडा चोखून जातो आणि झटका वाया जातो.

कोल्हापूरच्या बाजारात कोकणातून येणारा बांगडा तेलकट, वासाला उत्तम. पण मांस मऊ असल्याने फेकतानाच सुटतो. मीठ चोळून रात्रभर ठेवला की घट्ट होतो. चिलापीची कातडी चिवट असते, म्हणून टिकाऊपणात ती सरस.

या पद्धतीला जिल्ह्यातले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे सोयीचे. पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या आडव्या फळ्या, घातले की फटींतून पाणी झिरपत राहते आणि खालच्या खडकाळ डोहात लहान मासळी व तिच्यामागे शिवडा जमतो. संथ पाण्यात ५ ते ७ ग्रॅमचा जिग पुरतो, धारेत १० ते १५ ग्रॅमचा लागतो. तळ लागला की वीतभर उचलून सावकाश सोडावा. मासा बहुधा जिग खाली जातानाच तोंड घालतो, म्हणून तेव्हा तंगूस ढिला पडू देऊ नये. जिगचे टोक वर राहत असल्याने तो खडकात कमी अडकतो, अडकतच नाही असे नव्हे. जलपर्णी दाटलेल्या तळ्यात मात्र हा खटाटोप व्यर्थ आहे.

पावसाळ्यात मरळ पिल्लांची राखण करते आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. ती सहज सापडते, पण मागे उरलेली पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. त्या दिवसांत तिच्यावर गळ टाकू नये. राधानगरी, काळम्मावाडीसारख्या जलाशयांवर आधी परवानगीची चौकशी करावी, कारण धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असते.