दुसऱ्या गिअरचा गचका

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना प्रतापगडाच्या फाट्याच्या आसपास कडेला थांबलेल्या गाड्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. चाकांतून जळका वास येत असतो. विचारलं की बहुधा एकच उत्तर मिळतं : “पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रल केली होती.”

जरा हिशेब करू. माणसांसकट १२०० किलोची गाडी १२०० मीटर खाली येते, तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत ४५ लिटर गार पाणी उकळीला येईल. टायरांची घसट आणि हवा त्यातला काही वाटा उचलतात. न्यूट्रलमध्ये उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी. त्यात पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट-४ प्रतीचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की हा आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, ब्रेक दबत नाही, आणि पेडल थेट तळाला जातं.

गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे धरतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनाची हवेची वाट जवळजवळ मिटते आणि सिलिंडरना हवा ओढायला जोर लावावा लागतो. तो जोर चाकांकडून येतो. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर अशा वेळी पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं!

तरी लोक खालचा गिअर टाकायला कचरतात, ते गचक्यामुळे. समजा ४० च्या वेगात तिसऱ्या गिअरवर इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय. त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण २९०० लागतील. पण क्लच दाबताच इंजिन मंदावून हजाराकडे येतं. आता क्लच सोडला की ही तफावत चाकांना भरून काढावी लागते. ओल्या रस्त्यावर त्यात चाकं घसरूही शकतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणलेला सिंक्रोनायझर आज हाताने गिअर बदलायच्या जवळजवळ सगळ्या मोटारींत आहे, पण तो गिअरबॉक्समधले वेग जुळवतो. इंजिन क्लचच्या पलीकडे असतं, तिथे त्याचा हात पोचत नाही.

तिथे आपला पाय लागतो. आधी ब्रेकने वेग कमी करा. क्लच दाबून दांडा दुसऱ्यात घ्या, क्लच दाबलेलाच ठेवून हलकीशी रेस द्या. फेऱ्यांचा काटा ३००० कडे सरकला, आवाज चढला, की क्लच सोडा. मागे डुलकी घेणाऱ्या आईची मान हलली नाही, तर जमलं.

हे वळणात नको, उतार लागायच्या आधीच करा, कारण क्लच दाबलेली गाडी तेवढा वेळ न्यूट्रलच असते. कोणता गिअर? जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर घाट चढतो त्यावरच उतरायचा. गेल्या पावसाळ्यात तसाच उतरलो. पोलादपूरला चहाला थांबल्यावर रिमजवळ हात नेला. नुसती कोमट होती.