ध्वजदिन निधीतून मदत: माजी सैनिक आणि विधवांनी अर्ज कसा करायचा?

७ डिसेंबर जवळ आला की ऑफिसांत आणि शाळांत तीन रंगांचे छोटे झेंडे दिसू लागतात. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. १९४९ पासून हा ध्वजदिन पाळला जातो. आपण डब्यात वीस-पन्नास रुपये टाकतो, झेंडा खिशाला लावतो आणि कामाला लागतो. हा पैसा पुढे कोणाला मिळतो, हे मात्र ज्यांच्यासाठी तो गोळा होतो त्यांच्यातल्याही अनेकांना माहीत नसतं. म्हणून हा मजकूर देणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांसाठी.

या निधीतून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत (माजी सैनिकांच्या कल्याणाचं काम पाहणारं केंद्र सरकारचं मंडळ) मुख्यतः तीन अनुदानं मिळतात आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तिन्हींची रक्कम दुप्पट झाली आहे. पहिलं निर्वाह अनुदान. वय ६५ च्या पुढे आणि पेन्शन नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला ८,००० रुपये, तेही आयुष्यभर. दुसरं शिक्षणासाठी. पहिलीपासून पदवीपर्यंत, जास्तीत जास्त दोन मुलांना प्रत्येकी महिन्याला २,००० रुपये. विधवा स्वतः दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेत असेल तर तिलाही हे मिळतं. तिसरं लग्नाचं. दोन मुलींपर्यंत प्रत्येकी १ लाख, विधवेच्या पुनर्विवाहालाही तेवढेच. फक्त लग्न या वाढीचा आदेश निघाल्यानंतर लागलेलं हवं.

या तिन्हींना पदाची अट आहे. हवालदार किंवा नौदल-हवाई दलातलं समकक्ष पद, त्याच्या वर नाही. सुभेदार साहेबांनी इथे वेळ घालवू नये. त्यांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, तिला हवालदार पदाची ही मर्यादा नाही. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश आणि पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण लागतात. तिचा पैसा ध्वजदिनाचा नव्हे, राष्ट्रीय संरक्षण निधीतला.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. नोंदणी करायची, कागद स्कॅन करून चढवायचे. मग मूळ कागद घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. तिथे पडताळणी झाली की अर्ज राज्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे जातो आणि तिथून दिल्लीला. हा राज्याचा विभाग पुण्यात घोरपडीत, युद्ध स्मारकाजवळ आहे. त्यामुळे पुण्यातली माणसं पुष्कळदा थेट तिथेच जाऊन उभी राहतात. पण सुरुवात जिल्हा कार्यालयातूनच होते, पुणेकर असलात तरी!

कागद तसे ओळखीचेच: डिस्चार्ज बुक (सैन्यातून बाहेर पडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र, आधार, आणि आयएफएससी कोड स्पष्ट दिसेल असं बँक पासबुक. शिक्षणासाठी मागच्या इयत्तेची गुणपत्रिका. लग्नासाठी विवाह नोंदणी दाखला आणि मुलीच्या वयाचा पुरावा. लग्नाच्या अनुदानाचा अर्ज लग्नापासून १८० दिवसांत करावा लागतो, म्हणून विवाह नोंदणी हॉलचा हिशेब मिटायच्या आधी करून टाका. याच कारणासाठी दुसरीकडून सरकारी मदत घेतलेली नाही, असंही लिहून द्यावं लागतं.

आता खरी गोम. बायको आणि मुलांची नावं सैन्याच्या नोंदीत असावी लागतात, म्हणजे डिस्चार्ज बुकात किंवा पार्ट टू ऑर्डरमध्ये (लग्न, मुलांचे जन्म अशा गोष्टींची सैन्यात होणारी अधिकृत नोंद). आणि तिथलं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. आपल्याकडे माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, घरात हाक तिसरीच. त्यातून तीस-चाळीस वर्षांपूर्वी युनिटमधल्या कारकुनानं मराठी नाव कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. माझ्या ओळखीच्या एका काकू आधारवर 'मंगल' आणि डिस्चार्ज बुकात 'मंगला'. एवढ्या एका कान्यापायी त्यांचा अर्ज परत आला.

नाव दुरुस्त करायचं तर अर्ज त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे जातो. सोबत जन्मतारखेचा आणि ओळखीचा पुरावा, प्रतिज्ञापत्र. बॉम्बे सॅपर्सचं रेकॉर्ड ऑफिस पुण्यातच खडकीला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. याला वेळ लागतो. मुलीचं लग्न ठरल्यावर नाव दुरुस्तीला निघालात तर ते १८० दिवस कधी सरले ते कळणारही नाही. माजी सैनिक स्वतः हयात आहेत तोवरच हे करून घेतलेलं बरं. घरात बोलायला अवघड विषय, पण नंतर एकट्या बाईला हे हेलपाटे फार जड जातात.

डिस्चार्ज बुकाची एक रंगीत प्रत काढून वेगळी ठेवा आणि मूळ बुक कोणाच्याही हाती देऊन येऊ नका. दाखवायचं, परत घ्यायचं. पोर्टलवरचा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, अर्ज कुठवर पोचला ते त्यावरूनच कळतं. मोबाइल नंबर घरातल्या कायम जवळ असणाऱ्या माणसाचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकलेले अर्ज मी पाहिलेत, त्यात त्रुटी निघाली तरी निरोप घरी पोचतच नाही. मंजूर झालेली रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. त्यासाठी कोणी कमिशन मागितलं तर द्यायचं नाही.

आणि देणाऱ्यांसाठी एवढंच: डब्यात टाकण्याऐवजी जिल्हा कार्यालयात किंवा निधीच्या संकेतस्थळावर रक्कम दिलीत तर पावती मिळते आणि नियमांनुसार करसवलतही.