जीपचे नियम आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी

‘क्राउन-पिनियन वाजतंय’, म्हणजे मागच्या एक्सलमधली ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रं आवाज करतायत, ही खानदेशातल्या गॅरेजमधली जुनी तक्रार. गाडीने वेग धरला की मागून घूं घूं सुरू होतं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सूर बदलतो. मिस्त्री मागचं चाक जॅकवर घेतो, हाताने मागेपुढे फिरवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती आहे ते पाहतो आणि हाउसिंग, म्हणजे या चक्रांचं कवच, उघडायचं की नाही ते तिथल्या तिथे सांगतो. कमांडर, मार्शल, बोलेरो यांच्यावर तयार झालेला हा हात सहसा चुकत नाही. पंचाईत होते ती अलीकडे आलेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या फॅमिली गाडीपाशी. दिसायला ती जीपची धाकटी बहीण वाटते, पण तिचं घराणं वेगळं आहे. तिच्या निम्म्या तक्रारी तिला जीपच्या नियमाने वागवल्यामुळे उद्भवतात, असं माझं मत आहे.

आधी डिफरन्शियलबद्दल. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त धावतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर पूर्ण यू-टर्न घेताना हा फरक जवळपास पावणेपाच मीटर होतो, मग वळण लहान असो की मोठं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर एकाला घासत जावं लागेल. ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच कारागिराने 1820 च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चक्रांचा उपाय, म्हणजेच डिफरन्शियल, काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. त्यातला दोषही तेव्हापासूनचाच. एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म राहतं. काळ्या मातीत ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. चाक फिरायला लागलं की तो दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या डिफ-लॉकच्या पेडलवर पाय देतो आणि वळायच्या आधी काढून घेतो. लॉक असताना वळलं की काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

जीपची गोष्ट 1941 ची. विलीज कंपनीच्या लष्करी जीपला ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचे, हाताने ओढायचे दोन दांडे होते. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो गिअर टाकायचा. पुढचा आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये मात्र डिफरन्शियल नव्हतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती, वाळू, चिखल असला तर चाकं थोडी घसरून तो हिशेब जुळवतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग ताण शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा निघता निघत नाही. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो, ही युक्ती जुन्या ड्रायव्हरांना माहीत असते.

महिंद्राने 1947 च्या सुमारास भारतात जीप जोडायला घेतली. सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या रस्त्यांवर, टपापर्यंत माणसं भरून धावलेल्या जीपगाड्यांत बहुतेक साध्या मागच्या चाकांच्या होत्या. फोर बाय फोर सरकारी खात्यांकडे असायची, किंवा क्वचित एखाद्या हौशी बागायतदाराकडे. 1985 साली जिप्सी आली तीही याच घराण्यातली. तिच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी फिरवायचा हब होता. चिखलात उतरायचं, हाताने तो लॉक करायचा, मग दांडा ओढायचा. या जातीच्या गाड्यांना थोडंफार काहीही चालतं. दोन टायर जुने, दोन नवे? चालतं. नव्वद नंबरचं, म्हणजे गिअरचं जाड, ऑईल कुठल्या डब्यातलं? तेही चालतं. टू-व्हीलमध्ये असताना पुढचा एक्सल रिकामाच फिरतो, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेत येत नाही.

दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा तर हॅरी फर्ग्युसन, ज्याचं नाव आपल्याकडे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर वाचलेलं असतं. उतारवयात त्याला साध्या मोटारीची चारही चाकं कायम चालवायचा ध्यास लागला होता. 1960 साली तो गेला. 1966 मध्ये त्याच्या कंपनीची पद्धत वापरून ‘जेन्सन एफएफ’ ही कार निघाली, पण तिच्या जेमतेम 320 गाड्या बनल्या. मुद्दा असा की तिच्यात पुढच्या-मागच्या एक्सलमध्येही डिफरन्शियल होतं, म्हणून कोरड्या रस्त्यावर चारही चाकं जोडलेली ठेवता येत होती. 1970 च्या रेंज रोव्हरने तेच केलं आणि वर लॉकही दिलं. 1980 च्या ऑडी क्वात्रोने ही कल्पना शर्यतीतून घराघरात नेली.

मधलं डिफरन्शियल महाग आणि जड. म्हणून पुढे स्वस्त वाट निघाली. गाडी मुळात पुढच्या चाकांची, मागच्या चाकांना गरज पडेल तशी ताकद द्यायची आणि हे काम एका कपलिंगकडे, म्हणजे लागेल तशी पकड घेणाऱ्या-सोडणाऱ्या जोडणीकडे, सोपवायचं. आधी सिलिकॉन द्रवातल्या चकत्यांचं व्हिस्कस कपलिंग आलं. 1998 च्या सुमारास हॅल्डेक्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक ताब्यातलं आलं, पुढे विद्युतचुंबकीय क्लचचीही आली. आपल्याकडे 2011 ची एक्सयूव्ही 500, 2014 ची डस्टर ऑल-व्हील, 2017 ची कंपास आणि 2022 ची ग्रँड विटारा यांच्या चारही चाकं चालवणाऱ्या आवृत्त्या ढोबळमानाने याच वाटेवरच्या. तोरणमाळ किंवा चांदसैली घाट पावसात चढायला त्या छानच. दर पावसाळ्यात शेतरस्त्यावर रुतलेली ट्रॉली ओढायला त्या बनवलेल्या नाहीत. क्लच तापला की संगणक मागची चाकं सोडून देतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे गाडी बिघडलीच असं नाही. ती आधी थंड होऊ द्यावी.

खरी झीज टायरवरून सुरू होते. राष्ट्रीय महामार्गाच्या तरसोद-फागणे टप्प्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तेव्हा खडी आणि कडा यांनी किती टायर कापले असतील त्याची गणती नाही. एक टायर फुटला की एरंडोल-पारोळ्याला थांबून एकच नवा टाकायचा, ही आपली रीत. आता हिशेब पाहा. साडेसहाशे मिलिमीटर व्यासाच्या चाकावर नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर आणि झिजलेल्याची तीन असेल, तर झिजलेलं चाक दर किलोमीटरला साधारण सात-आठ फेरे जास्त फिरतं. जळगावहून पुण्याला जाईपर्यंत हा फरक तीन हजार फेऱ्यांच्या घरात जातो. कपलिंगला ही चाकं घसरल्यासारखीच दिसतात, मग ते पुन्हा पुन्हा पकड घेतं, तापतं आणि चकत्या झिजतात. नक्षीतला फरक दीड-दोन मिलिमीटरच्या आत ठेवा असं बरेच उत्पादक सांगतात. लहान आकाराची स्टेपनी लावून लांब पल्ला मारू नका, हेही त्याच कारणाने.

त्यानंतर तेल. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत जातात. त्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेलं ऑईल लागतं. कपलिंगमधल्या क्लचला मात्र वेगळंच हवं असतं. जुन्या होंडा सीआर-व्हीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन पंप आणि क्लच एकत्र होते. तेल जुनं झालं किंवा नव्वद नंबर ओतलं की जिनिंगच्या काँक्रीट आवारात स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना मागून घुरघुर यायची. पिनियन वाजतंय समजून हाउसिंग उघडायची वेळ यायची, आणि बऱ्याचदा इलाज असायचा कंपनीचं योग्य तेल दोनदा बदलण्याचा.

त्याहून दुर्लक्षित जागा म्हणजे पुढच्या गिअरबॉक्सला चिकटलेला, मागे ताकद वळवणारा छोटा डबा. त्यात तेल बहुधा लिटरभरसुद्धा नसतं आणि शेजारूनच सायलेन्सरचा तापलेला पाइप जातो. भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा त्या तेलाचं काय होत असेल, ते बोल्ट काढल्यावर वासानेच कळतं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी, मलमासारखा गाळ दिसला तर काळजी नको, ती रोजची झीज. नखाला टोचणारे कण निघाले, तर दात किंवा बेअरिंग गेलं. आणि तेल काढायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघावं. तो जाम असेल तर खालून रिकामी झालेली गाडी तिथेच अडकते.

बंद गाडी क्रेनने ओढून नेण्याचंही तसंच. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ठेवत गाडी ओढली, तर जीपला न्यूट्रलमध्ये फारसं काही होत नाही. ऑल-व्हीलचं कपलिंग मात्र तेवढ्या अंतरात जळू शकतं.

2025 च्या हॅरियर ईव्हीची चारही चाकं चालवणारी आवृत्ती या इतिहासाचं ताजं पान आहे. पुढे एक मोटर, मागे एक, मध्ये मागे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही, त्याचा सांधा म्हणजे क्रॉस नाही, कपलिंग नाही. टायरच्या फरकाने शाफ्ट पिळण्याचा प्रश्न तिथे संपला. प्रत्येक एक्सलवरचं डिफरन्शियल मात्र पेक्यूरच्या तत्त्वावरच चालतं. आणि अशी गाडी वाटेत बंद पडली, तर तिलाही सपाट ट्रॉलीवर चारही चाकं चढवूनच न्यावं लागतं.