सॅनिटरी उपकरणांचे मॉडेल-समन्वयन

इमारतीच्या वास्तुरचनेचे मॉडेल एका कार्यालयात आणि पाणीपुरवठा, सांडपाणी, वातानुकूलन या सेवांचे मॉडेल दुसऱ्या कार्यालयात तयार होत असते. अशा वेळी कमोड, वॉश बेसिन, सिंक, शॉवर, युरिनल, नहाणी ट्रॅप यांची जागा, प्रकार आणि जोडण्या दोन्हीकडे जुळत्या ठेवण्याच्या पद्धतीला हे नाव आहे. बिम पद्धतीने, म्हणजे इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल संगणकावर उभारून होणाऱ्या कामांत ती लागते. इथले विवेचन मुख्यतः रेव्हिट या प्रणालीला धरून आहे. रेव्हिट 2000 साली बाजारात आली आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ती विकत घेतली.

अडचणीचे मूळ असे की कमोड एकच असतो, पण त्याला मालक दोन. बाथरूमचे दार त्याला अडते का, बसणाऱ्याच्या पुढे जागा किती उरते, टाइलच्या सांध्याशी तो जुळतो का, हे आर्किटेक्ट पाहतो. सेवा अभियंत्याला मैल्याचा पाइप कुठे उतरणार आणि फ्लशला पाणी कुठून येणार याची काळजी. आर्किटेक्टची फाइल सेवांच्या फाइलमध्ये लिंक केली, म्हणजे संदर्भ म्हणून आत दाखवली, की सगळे दिसते, मात्र लिंकमधल्या कमोडला पाइप जोडता येत नाही. पाइप जोडायचा तर कनेक्टर (पाइप जोडण्याचे टोक) असलेले उपकरण सेवांच्या स्वतःच्या फाइलमध्ये असावे लागते. म्हणून तोच कमोड दोन फाइलींत येतो, आणि दोन ठिकाणी आलेली वस्तू आज ना उद्या दोन जागी जाते.

यावर तीन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात उपकरणे सेवांच्या फाइलमध्येच ठेवतात आणि आर्किटेक्ट ती उलट लिंक करून पाहतो. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात बेसिन चार बोटे सरकवायलाही परवानगी मागणारा आर्किटेक्ट विरळा. दुसऱ्यात आर्किटेक्टचा कमोड तसाच दिसू देतात आणि सेवांच्या फाइलमध्ये त्याच्या जागी फक्त कनेक्टर असलेली, शरीर नसलेली छोटी फॅमिली (रेव्हिटमधला उपकरणाचा तयार नमुना) बसवतात. एकाच नमुन्याचे फ्लॅट असलेल्या गृहप्रकल्पाला हा मार्ग पुरतो. तिसरा कॉपी-मॉनिटरचा: लिंकमधल्या उपकरणाची प्रत सेवांच्या फाइलमध्ये घ्यायची आणि मूळ हलले की प्रणालीने ते कळवायचे. रुग्णालय, वसतिगृह किंवा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्याची कामगार-सुविधा इमारत, म्हणजे जिथे उपकरणे शेकड्यांनी असतात आणि आराखडा वारंवार बदलतो, तिथे तोच बरा.

कॉपी-मॉनिटरमध्ये आधी लेव्हल (मजल्यांच्या पातळ्या) आणि ग्रिड (आखणीच्या रेषा) कॉपी करून घ्यायचे, उपकरणे त्यानंतर. मजल्याची पातळी दोन्हीकडे वेगळी राहिली तर पुढचे सगळे बेसिन हवेत तरंगतात. मग समन्वयाच्या सेटिंगमध्ये प्लंबिंग उपकरणांचा वर्ग निवडून दोन गोष्टी ठरवायच्या: सगळी उपकरणे एकगठ्ठा उचलायची की एकेक, आणि मूळ फॅमिली तशीच आणायची की तिच्या बदल्यात आपली बसवायची. आर्किटेक्टच्या फॅमिली बहुधा दिसायला देखण्या आणि कनेक्टरविना असतात, त्यामुळे बदली जोडीच लावावी लागते. इथे एक सापळा आहे. बदली उपकरण मूळ उपकरणाच्या आरंभबिंदूवर बसते. आर्किटेक्टच्या कमोडचा आरंभबिंदू भिंतीलगत पाठीच्या मध्यावर आणि सेवांच्या कमोडचा मैल्याच्या तोंडावर असेल, तर प्रत्येक कमोड सारख्याच अंतराने भिंतीत घुसतो. काम सुरू होण्याआधी दोन्ही कार्यालयांनी आरंभबिंदू एकच ठरवला तर हा घोळ टळतो.

भिंतीचाही प्रश्न आहे. भिंतीवर बसणारी फॅमिली लिंकमधल्या भिंतीला धरत नाही. पृष्ठभागावर बसणारी फॅमिली लिंकच्या पृष्ठभागालाही धरते. शिवाय एस-ट्रॅप कमोडच्या, म्हणजे मैला खाली फरशीतून सोडणाऱ्या कमोडच्या, तोंडाचे 225 किंवा 300 मिमी अंतर तयार भिंतीपासून, म्हणजे गिलावा आणि टाइल धरून मोजतात. मॉडेलमध्ये नुसती विटांची भिंत काढली असेल तर स्लॅबमधले भोक तेवढ्याने चुकते.

आर्किटेक्टची नवी फाइल आली आणि त्यात काही हलले असले, तर प्रणाली समन्वय-तपासणीची सूचना देते. प्रत्येक बदलावर सेवा अभियंता तो पुढे ढकलू शकतो, नाकारू शकतो, फरक मान्य करून तसाच ठेवू शकतो किंवा आपले उपकरण नव्या जागी हलवू शकतो. ‘फरक मान्य’ याचा अर्थ कमोड जुळला असा नाही, जुळत नाही हे चालवून घेतले एवढाच. घाईच्या दिवसांत हेच बटण सर्वांत जास्त दाबले जाते. आर्किटेक्टने एक पथ्य पाळावे: उपकरण हलवायचे असेल तर हलवावे, पुसून नवे टाकू नये. नव्या उपकरणाला नवी ओळख मिळते, जुनी जोडी तुटते आणि सेवांकडे ‘मूळ उपकरण काढले’ एवढाच निरोप पोचतो.

क्लॅश तपासणीवर, म्हणजे मॉडेलमधले घटक एकमेकांत घुसतात का हे शोधण्यावर, विसंबून हे काम टाळता येईल असे अनेकांना वाटते. नेव्हिसवर्क्ससारखी साधने पाइप बीमला धडकला तर दाखवतात. कमोड 60 सेंमी सरकला आणि पाइप जुन्या जागीच संपला, तर तो कशालाच धडकत नाही, अहवाल स्वच्छ येतो. उतार 1:40 धरला तर 60 सेंमी जादा लांबीला पाइप आणखी 15 मिमी खाली जातो. बाथरूमखाली पाइपांसाठी बुडवलेल्या (खाली घेतलेल्या) स्लॅबच्या भरावात तेवढी जागा उरली आहे की नाही, हेही त्या अहवालात कळत नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे, तो पाण्याचा. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते, तरी नळाला ते वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतरानेच आले. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यामुळे इमारतीत नळाच्या पाण्याची एक टाकी आणि बोअर किंवा टँकरच्या पाण्याची दुसरी, अशी विभागणी सर्रास दिसते. फ्लशला बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि बेसिनला नळाचे. फ्लशसाठी दरमाणशी दररोज 45 लिटर धरण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणजे ही विभागणी किरकोळ नाही. आता फॅमिलींच्या तयार संग्रहातल्या कमोडला थंड पाण्याचा एकच कनेक्टर असतो. इथे कमोडच्या टाकीला बोअरची लाइन आणि शेजारच्या जेट स्प्रेला नळाची लाइन, म्हणजे एकाच ठिकाणी दोन वेगळ्या प्रणाली लागतात. त्यासाठी ‘थंड पाणी’ या वर्गाखाली दुसरा प्रणाली-प्रकार तयार करून त्याला वेगळा रंग द्यावा लागतो. कॉपी-मॉनिटर कमोडची जागा आणतो. त्याला कोणते पाणी हे आणत नाही. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये ती माहिती मुळात नसते, ती सेवांच्या फॅमिलीतच भरावी लागते.

पायाखालच्या उपकरणांकडे दुर्लक्ष होते. जमिनीत बसवायचा ओरिसा पॅन शाळा, वसतिगृहे आणि जुन्या वळणाच्या घरांत अजून लागतो. तो फरशीच्या पातळीशी जुळवावा लागतो आणि ट्रॅपसह त्याला साधारण 300 ते 450 मिमी बुडवलेला स्लॅब हवा. स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये तो बुडवा आला नाही, तर पॅन दोन्ही फाइलींत जुळूनही बसत नाही. नहाणी ट्रॅप तर आर्किटेक्ट काढतच नाही असे बऱ्याचदा घडते. मग तो सेवांनीच टाकायचा आणि फरशीचा उतार त्याच्याकडे वळवायला आर्किटेक्टला कळवायचे. लहान गृहप्रकल्पांत हे काम आजही प्लंबर जागेवर खडूने खूण करून उरकतो. बीमला भोक पाडायची वेळ आली तर मात्र स्ट्रक्चरल अभियंत्याची परवानगी लागते. किल्लारीचा 1993 चा भूकंप पाहिलेल्या भागात याबाबत कोणी ढिलाई करू नये.

उपकरण दोन फाइलींत असल्याने मोजणीही दुप्पट होऊ शकते. सेवांच्या दृश्यांत लिंकमधला प्लंबिंग वर्ग बंद ठेवतात आणि तक्त्यात लिंकमधले घटक धरण्याचा पर्याय निवडत नाहीत. बहुतेक ठिकाणी खरेदीची यादी आर्किटेक्टच्या तक्त्यावरून निघते, कारण कंपनी, रंग आणि मॉडेल क्रमांक तिथे असतात. पाइप, ट्रॅप, अँगल कॉक यांची यादी सेवांकडून. दोन्ही याद्यांतली कमोडची संख्या जुळते का, हे निविदेपूर्वी पाहण्याचे काम कोणाचे, हे करारात क्वचितच लिहिलेले असते.