शंकूगोळी (ठासणीच्या रायफलीतली)

शंकूगोळी म्हणजे पुढून निमुळती अन् मागून सपाट किंवा पोकळ अशी शिशाची लांबट गोळी, जी ठासणीच्या रायफलीत तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग गोळी, दोन्ही गजाने खाली बसवायचं, नळीच्या मागच्या निपलवर (बारीक पोकळ बोंडावर) ठिणगी पाडणारी टोपी चढवायची अन् घोडा पाडायचा, वरवर पाहिलं तर एवढंच. विदर्भाला ठासणीची बंदूक नवी नाही, गडचिरोलीकडं तिला भरमार म्हणतात, वावरात जागलीला जाणाऱ्या जुन्या लोकांनी रोही (नीलगाय) अन् रानडुकरं हाकलायला ती वापरलेली आहे. पण गावात दिसणाऱ्या त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, छर्रे नाहीतर गोल गोळी टाकायची. शंकूगोळी त्या नळीसाठी नाहीच. दोन्ही ठासणीच्या म्हणून लोक एकच समजतात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या उथळ खोबणी. गोळी त्यात धरली जाते आणि फिरतच बाहेर पडते, भोवरा जसा फिरतो तोवर उभा राहतो तशी तिचं नाक पुढेच राहतं. गोल गोळीला नाक-शेपूट काही नाही, ती कशीही गेली तरी गोलच, म्हणून गुळगुळीत नळीत तिचं भागून जातं. लांबट गोळी मात्र न फिरता सुटली की हवेत कोलांट्या खाते, आडवी जाऊन लागते, निशाणाच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबोळं भोक पडतं. तेव्हा गुळगुळीत नळीत शंकूगोळी घातल्याने बंदूक लांब मारते हा समज साफ चुकीचा आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी, तर वजनासाठी. इंग्रज फौजेच्या १८५३ च्या एनफील्ड रायफलीची नळी .५७७ इंच बोअरची, म्हणजे आतून तेवढी रुंद, त्या मापाची शिशाची गोल गोळी साधारण १८ ग्रॅम भरते, पण तिची शंकूगोळी ३४ ग्रॅमच्या आसपास होती. तोंड तेवढंच, वजन जवळजवळ दुप्पट, त्यामुळे हवेचा विरोध तिला लवकर थकवत नाही आणि लांबवर जोर टिकतो. बदल्यात खांद्याला धक्का जास्त बसतो, आणि वेग बेताचा असल्याने गोळी कमानीसारखी वर जाऊन खाली येते, अंतराचा अंदाज चुकला की नेम वरून किंवा खालून गेलाच. पीळ किती जलद आहे यालाही महत्त्व आहे, गोळी जितकी लांब तितका पीळ जलद लागतो. एनफील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा, नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी आत अर्धाच फेरा घ्यायची, तेवढा तिच्या आखूड गोळीला पुरायचा.

खरी अडचण भरण्याची होती. गोळी पिळात घट्ट बसायला हवी तर ती तोंडाकडून आत ढकलणं जड, आणि सैल ठेवली तर ती पीळ धरत नाही. जुन्या रायफलवाल्यांना गोल गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून दाबून बसवावी लागायची, त्यात वेळ जायचा, म्हणून साध्या पलटणींच्या हातात गुळगुळीत नळीच राहिली. यावर १८३२ मध्ये कॅप्टन जॉन नॉर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने बूड पोकळ असलेली गोळी केली. दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणांचं मऊ बूड फुंकर मारल्यावर फुगून नळीला चिकटतं, हे पाहून त्याला ती सुचली असं सांगतात. पुढे १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद-एतियेन मिनिएने पोकळ बुडात लोखंडी वाटी बसवली, आणि मग अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जेम्स बर्टनने ती वाटीही काढून टाकली, कारण दारूच्या दाबानेच बुडाची पातळ कड फाकते आणि पिळात रुतते. म्हणजे भरताना गोळी सैल अन् सुटताना घट्ट. माझ्या मते ठासणीच्या हत्यारांच्या सगळ्या इतिहासात याहून हुशार गोष्ट झाली नाही.

हे फाकणं जमायचं तर शिसं शुद्ध अन् मऊ पाहिजे, नखाने ओरखडा उठेल असं. जुन्या बॅटरीतलं किंवा गाडीच्या चाकाला लावतात त्या वजनाचं शिसं कडक असतं, त्यात अँटिमनी हा कडकपणा आणणारा धातू असतो, कड फाकत नाही, गोळी पिळावरून घसरत जाते. गोळीच्या अंगावरच्या खाचांत मेण अन् चरबीचं वंगण भरतात, कारण काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून वायू होत नाही, घनच राहतो, त्यातला काही धुरातून बाहेर जातो अन् उरलेला काजळी होऊन नळीत बसतो, अन् वंगण नसलं की काही बारांनंतर गोळी खाली उतरायचं नाव घेत नाही. काही गोळ्यांचं बूड पोकळ नसून भरीव असतं, त्यांची वरची कड जरा मोठी ठेवतात आणि भरतानाच ती पिळावर कोरली जाते, अमेरिकेतली मॅक्सी-बॉल ही त्यातली.

हे वंगण आपल्याकडं इतिहासात शिरलं. एनफील्डचं काडतूस कागदाचं, एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, अन् गोळीकडचा कागद वंगणात बुडवलेला. शिपायाने दारूकडचं टोक दाताने फोडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळी कागदासकट तोंडात बसवायची, वरचा कागद फाडून टाकायचा अन् गजाने खाली दाबायचं. वंगणात गाय अन् डुकराची चरबी आहे ही चर्चा जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला उठली. नंतर दाताऐवजी हाताने फाडायची कवायत आणली, शिपायांनी स्वतःचं वंगण स्वतः करावं असंही सांगितलं, पण विश्वास गेला तो गेलाच. बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम एनफील्डसारखीच दिसणारी पण आतून गुळगुळीत बंदूक काढली, म्हणजे लांबचा नेम गोऱ्या सोजिरांकडेच राहावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखणीच्या परवान्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती अपुरी वाटली तर दुसरी बंदूक देता येते, पण तीही गुळगुळीत नळीचीच.

भरण्यात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे गोळी दारूवर टेकलेली पाहिजे. आपल्याकडचे म्हातारे सांगायचे, "बा, दारू अन् गोळीत फट ठेवू नोको, नळी फुटते," आणि ते शंभर टक्के खरं आहे, फट राहिली की दाब गोळीच्या मागे एकाच जागी साचतो, नळीला फुगवटा येतो नाहीतर ती फाटते. गोल गोळीला चिंधी धरून ठेवते, पण सैल बसणारी शंकूगोळी नळी खाली झुकवून चाललं की स्वतःच्या वजनाने पुढे सरकते, म्हणून गजावर भरलेल्या नळीची खूण करतात आणि बार काढण्याआधी गज घालून ती खूण तोंडाशी जुळते का ते पाहतात. हे करताना निपलवर टोपी नको अन् डोकं नळीसमोर नको. टोपी वाजूनही बार उडाला नाही तर नळी मोकळ्या बाजूला धरून एखादा मिनिट थांबायचं, विस्तव आत धुमसत असू शकतो. काम झालं की गरम पाण्याने नळी धुवायची अन् कोरडी करून तेल लावायचं, काजळी ओल ओढते, पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.

ठासणीच्या रायफलीचे दिवस थोडेच राहिले. १८६६ पासून इंग्रजांनी याच एनफील्ड मागून भरणाऱ्या स्नायडर करून घेतल्या. आज अमेरिकेत अन् युरोपात शौकीन लोक त्या चालवतात, आपल्याकडं विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि रोही असो की रानडुक्कर, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

जुन्या वाड्यात, धाब्यावर किंवा माळ्यावर अशी बंदूक सापडली तर ती भरलेलीच आहे असं धरून चाला, पन्नास वर्षांची दारूही कोरडी राहिली तर पेट घेते. बाहेरून पाहून काही कळत नाही, आत गज घालून बघायच्या भानगडीतही पडू नका, तिला हलवू नका, पोराबाळांना दूर ठेवा अन् पोलीस ठाण्यात कळवा.